पंचनाम्यात न आलेले: पूर, दुष्काळ, रानातली जनावरं आणि आपली पोरं

सीनाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज शाळेला सुट्टी आहे आणि बाहेर असलं ऊन आहे की पाय ठेववत नाही, म्हणून बसलो लिहायला. मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीनेकाठच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे. गावाचं नाव सांगत नाही, पोरांची ओळख नको म्हणून.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आमच्याकडं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. परंडा, भूम, वाशी, जिकडं बघावं तिकडं पाणी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. आमची शाळा उंचवट्यावर आहे म्हणून अर्धं गाव शाळेत. रात्री दोनच्या सुमारास पाणी कुठवर चढलंय बघायला बॅटरी घेऊन व्हरांड्यात आलो, तर पायरीच्या कडेला भिंतीला चिकटून एक ससा बसलेला. ओला गच्च, कान पाठीवर पडलेले, पोट नुसतं लकलक करतंय. त्याच्यापासून दोन हातावर गावातली दोन कुत्री, आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर घोणस वेटोळं घालून. कुत्री सशाकडं बघत सुद्धा नव्हती. माझ्या मागं वर्गात सव्वाशे माणूस, त्यात चाळीसेक लेकरं, तीही तशीच भिंतीला चिकटून. ते चित्र अजून डोळ्यापुढून जात नाही.

पाणी उतरलं, पंचनामे सुरू झाले. तलाठ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो माणूस आठ दिवस झोपला नव्हता. सोयाबीन किती गेलं, विहीर बुजली का, माती किती खरडली, घराची भिंत, गाय, शेळी, सगळं लिहून घेतलं. पण माझ्या सहावीतल्या एका पोरीचं दप्तर तीन दिवस पाण्यात होतं, ती दोरीवर वह्या वाळत घालून, गोधडी शिवायची सुई घेऊन चिकटलेलं एकेक पान सोडवत बसली होती, निळी शाई सगळी पसरलेली. ते कुठं लिहायचं? दिवाळी झाल्यावर तिचे आईबाप साखर कारखान्याला ऊस तोडायला गेले, रानात माती उरली नाही तर इथं थांबून करणार काय. ती बरोबर गेली. आज एप्रिल, अजून आली नाही. ससा पण पंचनाम्यात नाही आणि ती पण नाही.

मला एवढंच म्हणायचंय की आपण पूर वेगळा, दुष्काळ वेगळा, बिबट्या गावात आला ते वेगळं, पोरींची लग्नं लवकर होतात ते वेगळं असं धरून बोलतो. मला तर हे सगळं एकाच दोरीचे पीळ वाटतात. तुमच्या भागात काय बघितलंय ते सांगा.

मांजरापट्टा

सर वाचून अंगावर काटा आला. आमचं उलटं होतं हो. मी लातूरचा, २०१६ ला दहावीत होतो. फेब्रुवारी-मार्चपासून शहरात नळ बंद, टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. नंतर पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली. लोकांना ते रेल्वेचे फोटो आठवतात, मला घागरींच्या रांगा आठवतात. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल नेम नसायचा, रात्री एकला यायचा, तीनला यायचा. मोठी माणसं दिवसभर कामावर म्हणून रात्री नंबर धरायला आम्ही पोरं. बोर्डाचा पेपर असला तरी तेच. बाहेरगावची क्लासला आलेली कितीतरी पोरं पाण्यापायी घरी निघून गेली, मेस बंद पडल्या.

आणि त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता एवढा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. एप्रिलात रेल्वेनं पाणी आणि पाच महिन्यांनी नदीकाठची रानं पाण्याखाली, एकाच वर्षात, एकाच जिल्ह्यात. आजी म्हणाली असलं वरीस मी कधी बघितलं न्हाई.

त्याच उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात बारा वर्षांची एक मुलगी हापशावर पाणी भरता भरता उष्माघातानं गेली होती, पेपरात आलं होतं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. मी त्या दिवशी रांगेत उभा होतो आणि मागच्या काकू ती बातमी मोठ्यानं वाचत होत्या. कुणी काही बोललं नाही, घागर पुढं सरकवत राहिले सगळे.

बांधावरचा काका

पोरांनो, मी सत्तरीच्या पुढचा आहे, नातवाच्या मोबाईलवरून लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. बहात्तरचा दुष्काळ मी दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर काढलाय. सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्ली, त्याची भाकर गरम आहे तवर खायची, गार झाली की दगड. तवा कुणी हवामान बदल म्हणत नव्हतं. दुष्काळ या मातीला नवा नाही, पूर पण आम्ही बघितले. मग आता सगळंच त्या बदलाच्या डोक्यावर का टाकता? नदीच्या पात्रात घरं, ओढे बुजवून प्लॉट, वाळू उपसून उपसून नदीची नाली केली, ते कुणी केलं? माझं म्हणणं पटत नसंल तर सांगा, राग नाही.

परभणीचा ढगवाला

काका तुमचं अर्धं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, उरलेल्या अर्ध्यावर बोलतो. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो, आता गावाकडं शेती करतो आणि हवामानाचा नाद आहे म्हणून हे नाव घेतलंय.

बहात्तरला ज्वारी नव्हती पण विहिरींना पाणी होतं, हे माझे आजोबाच सांगायचे. बारा-तेराला आणि सोळाला दुकानात धान्य होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. आपल्याखाली बसाल्टचा काळा पाषाण, त्याला पाणी धरायला जागाच कमी, फटीत मावंल तेवढंच. त्यात आपण बोअर हजार फुटावर नेले आणि उसाला पाट सोडले. ही आपली करणी, इथं तुमच्याशी वाद नाही.

पण आकाशातलं पण बदललंय काका. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात मत नाही. अरबी समुद्र तापलाय, तिथून वाफेचे लोट येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणारा अतिपाऊस तिप्पट झाला. आणि एकूण पावसाळा मात्र वाढला नाही. म्हणजे काय, तर तोच पाऊस कमी दिवसांत पडतोय आणि मधले दिवस कोरडे. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६७९ मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा चार-पाच झडीत पडून गेला तर कागदावर सरासरी पूर्ण, आणि रानात एकदा दुष्काळ आणि एकदा पूर.

आपली काळी माती तर अशी की कोरडी पडली की हात जाईल एवढ्या भेगा, पहिलं पाणी गटागटा पिते, मग फुगते आणि तोंड मिटून घेते. त्याच्यावर ढगफुटीसारखा पाऊस आला की पाणी आत न जाता वरचा थर घेऊनच निघतं. एक वीत माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात ते काका तुम्हीच मला सांगाल. मागच्या ऑक्टोबरात सरकारनं पॅकेज जाहीर केलं ३१,६२८ कोटींचं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि नरेगातून तीन लाखांपर्यंत. पैसे मिळतील, गाळ आणून टाकता येईल, पण ती माती ती नाही.

मे २०२५ पण आठवा. मान्सून मे संपायच्या आतच महाराष्ट्रात. लोकांनी मृगाची वाट न बघता तिफणी काढल्या. उत्तरा नक्षत्रात ते सगळं धुऊन गेलं.

बालाघाटची लेक

सर तुमच्या पोरीबद्दल वाचलं आणि रडायला आलं. ती पोर मी आहे असं समजा, पंधरा वर्षांपूर्वीची.

बीड जिल्हा, डोंगरातलं गाव. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, मी पण चार हंगाम गेले. माझ्याकडं काम एकच, भाऊ सांभाळायचा. तो तेव्हा दीड वर्षाचा. जुन्नरच्या बाजूला उसाच्या एका फडावर आमच्या कोप्या पडलेल्या, कोपी म्हणजे चटईची आणि पाचटाची, दार म्हणजे साडी. एक दिवस दुपारी तोडणी चालू असताना आरडाओरडा झाला, सऱ्यांमध्ये बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले, मांजरीएवढी. मी भावाला कडेवर घेऊन बघायला गेले. वनखात्याची माणसं आली, त्यांनी सांगितलं पिल्लांना हात लावू नका, फड तसाच ठेवा, आणि संध्याकाळी पिल्लं एका क्रेटमध्ये त्याच जागेवर ठेवली, आई घेऊन जाईल म्हणाले. आम्हाला सगळ्यांना त्या रात्री एकाच कोपीत झोपवलं, मधोमध लेकरं, कडेनं बाया, बाहेर शेकोटी. माझी आई रात्रभर जागी होती. सकाळी क्रेट रिकामा. आई म्हणाली, नेली बघ तिनं तिची.

मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय. तिला जंगल उरलं नाही म्हणून ती उसात बाळंत झाली, आणि आमच्या गावाला पाणी उरलं नाही म्हणून आम्ही उसात. दोघींची लेकरं एकाच सरीत.

आमच्याकडं पाऊस गेला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, मग हंगामभर कोयता. पूर आला, माती गेली तरी तेच. जोडीला कोयता म्हणतात, एकटीदुकटीला उचल मिळत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरीचं लग्न उरकतात, म्हणजे एक कोयता वाढतो. शिवाय वयात आलेली पोर गावी कुणाजवळ ठेवायची ही भीती असते आईला. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीत २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांतल्या ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीडचा आकडा पण चाळिसाच्या वर. माझ्या वर्गातल्या सोळा पोरींतल्या दहावीला आम्ही पाच जणी होतो.

मी वाचले ते हंगामी वसतिगृहामुळं. गावातल्याच शाळेत, एका म्हाताऱ्या मावशीच्या हाताखाली, सकाळ-संध्याकाळ जेवण. पाचव्या हंगामाला आईनं मला मागं ठेवलं. आता नर्सिंग करते. सर, तुमच्या गावात वसतिगृह होतं का? आणि असलं तर कधी सुरू झालं? कारण टोळ्या दिवाळीच्या मागंपुढं निघतात आणि वसतिगृहाला मंजुरी येईपर्यंत कधी डिसेंबर उजाडतो, तोवर पोरं ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

सीनाकाठचा मास्तर

ताई, तुम्ही नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलं. प्रस्ताव पाठवला होता. मंजूर झाला तेव्हा पटावरची एकोणीस पोरं गेलेली होती. पुराच्या गडबडीत प्रस्ताव उशिरा गेला हे पण खरं, त्यात माझी पण चूक आहे, मी पंचनाम्याच्या कामाला जुंपलेला होतो आणि ते राहून गेलं. यंदा ऑगस्टातच पाठवणार.

रानवाट येडशी

मी सर्पमित्र आहे, येडशी रामलिंगच्या बाजूचा. मास्तर तुमच्या त्या घोणशीबद्दल बोलतो आधी. पुरात बिळं भरतात, साप उंचावर येतो आणि माणूस पण तिथंच आलेला असतो. पाणी उतरल्यावर खरा धोका, कारण लोक अंधारात ओली लाकडं, पत्रे, कडब्याच्या पेंढ्या हातानं उचलतात. घोणस, नाग, मण्यार तिन्ही आपल्याकडं आहेत. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत सुद्धा नाही, पोर सकाळी पोट दुखतंय म्हणतं आणि घरचे ओवा देतात. असं पोर ताबडतोब दवाखान्यात न्या, मंदिरात नाही, चिरा मारू नका, आवळून बांधू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. आणि पावसाळ्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस किती बाटल्या आहे हे ग्रामसभेत विचारा. रस्ता पाण्याखाली गेल्यावर जिल्ह्याला नेता येत नाही, जे जवळ असेल तेवढंच.

दुसरं, वाघ. डिसेंबर २०२४ ला आमच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, यवतमाळच्या टिपेश्वरहून, साधारण पाचशे किलोमीटर कापून. त्याआधी २०२१ ला टिपेश्वरचाच एक संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात पोचला होता. लोक मला विचारतात हा पण हवामान बदल का. नाही हो. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटर, तिथं वाघ वाढले, तरण्याला जागा नाही, तो बाहेर पडला. प्रत्येक गोष्ट बदलाच्या खात्यावर टाकली तर काकांसारखी माणसं विश्वास ठेवणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण तो वाघ इथं पोचला कशाच्या आधारानं, तर ओढ्या-नाल्यांच्या काठानं. ते काठ पुरानं खरडले किंवा आपण नांगरले तर पुढच्या जनावरानं जायचं कुठून? आमचं येडशी तर अवघं बावीस चौरस किलोमीटर. उन्हाळ्यात पाणवठे टँकरनं भरावे लागतात. एक पाणवठा चार दिवस कोरडा राहिला की रोही म्हणजे नीलगाई, रानडुकरं, हरणं शेतात उतरतात, माणूस त्यांच्यावर चिडतो, मग विजेची तार लावतो, त्या तारेला जनावर पण चिकटतं आणि कधी राखणीला गेलेलं पोरगं पण. हे मी डोळ्यानं बघितलंय. जास्त लिहीत नाही.

नाथसागरचा पाखरवेडा

पैठणहून. जायकवाडी धरणाचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हे पैठणच्या बाहेर किती जणांना माहीत असतं कोण जाणे. मी गेली वीस वर्षं हिवाळ्यात बॅकवॉटरला जातो. लोकांना वाटतं धरण भरलं म्हणजे पाखरांची चंगळ. तसं नसतं. रोहित पक्ष्याला घोटाभर पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी करून तो चिखल गाळून खातो. सप्टेंबर संपताना गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग सुरू होता, पैठणची खालची वस्ती हलवली होती, तेव्हा धरण काठोकाठ. काठोकाठ म्हणजे चिखलाची पुळण सगळी खोल पाण्याखाली. हिवाळ्यात मी नेहमीच्या जागेवर गेलो, पाणी बांधाला लागलेलं, रोहित औषधाला सापडला नाही. आणि दुष्काळात उलटं, पाणी आटून काठ उघडा पडतो, त्या गाळपेऱ्यात लोक गहू-हरभरा करतात, पाखराला जागाच नाही. बरं, गाळपेरा करणारा पण धरणात जमीन गेलेलाच असतो, त्याला काय बोलणार.

फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवते का कुणाला? आमच्या वस्तीवरच्या चिंचेखाली सकाळी राघू, साळुंक्या, बगळे, नुसता सडा. शेजारचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, तो पाटी घेऊन एकेक गोळा करत होता, अजून एखादा जिता निघंल म्हणून कानाला लावून बघायचा. दोन राघू निघाले. त्याच्या बापाचा गहू आडवा झाला होता, मोसंबी गेली होती. पोरगं पुढं बारावीनंतर वाळूजला कंपनीत लागलं.

अभ्यासिका लातूर

छोटंसं लिहिते. २८ सप्टेंबर २०२५ ची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुरामुळं पुढं ढकलून ९ नोव्हेंबरला घेतली. बरेच जण नाराज होते, तयारी पीकवर आहे वगैरे. माझ्या रूमवरच्या दोघींची गावं पाण्यात होती. एकीच्या घरातली पत्र्याची पेटी वाहून गेली, त्यात जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, टीसी, सगळं. तिचे पुढचे दोन महिने सेतू केंद्रात गेले. आमच्या वयाची पोरं वाचणं म्हणजे फक्त पाण्यातून बाहेर काढणं नाही हो, हे कागद पण वाचावे लागतात. आता मी सगळं डिजिलॉकरवर टाकलंय, आईबाबांचा सातबारा, बँक पासबुक पण. ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं आहे त्यांनी ह्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं पण टाकून द्या, अर्धा तास लागतो.

परभणीचा ढगवाला

ताई हे बेस्ट सांगितलं. मी अजून एक घालतो, दामिनी ॲप. आयआयटीएमचंच आहे, वीज पडायच्या आधी आसपासचा इशारा देतं. आपल्याकडं विजेनं जाणारी माणसं म्हणजे शेळ्या राखणारी पोरं, कापूस वेचणाऱ्या बाया, झाडाखाली उभी राहिलेली. झाडाखाली उभं राहू नका हे तरी प्रत्येक शाळेत परिपाठाला सांगा.

आणि गोगलगायींचं कुणी काढलं नाही. जुलै २०२२, लातूर-बीड-धाराशिव. सोयाबीन दोन पानांवर असताना शंखी गोगलगायी रात्रीतून ओळीच्या ओळी साफ. सलग ओल, ढगाळ हवा, ऊन नाही, त्यांना पाहिजे तेच मिळालं. शाळकरी पोरं पहाटे कॅरिबॅग घालून हातानं वेचायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची, दुबार पेरलं तरी पुन्हा तेच. लहान जीव पण रानातलाच, आणि हवा बदलली की तो कधी किती होईल याचा अंदाज आपल्या कुठल्याच नक्षत्रात नाही.

काका विचारतील मग ऊस का लावता. सोयाबीन चार दिवस पाण्यात राहिलं की कुजलं, ऊस उभा राहतो. पाऊस बेभरवशाचा झाला तसा शेतकरी उसाकडं अजून पळतो, म्हणजे पाणी अजून खाली. माझे वडील पण तेच म्हणतात आणि दरवर्षी आमचं भांडण होतं. मी रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेतो, सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते. गेल्या वर्षीच्या पुरात ते पण गेलं, खोटं कशाला सांगू. पण नदीपासून लांबच्या रानातलं वाचलं, शेजारच्याचं सपाट पेरलेलं पिवळं पडलं.

बांधावरचा काका

वाचलं सगळं, नातवानं दोनदा वाचून दाखवलं. विहिरीला पाणी होतं ते खरं, मीच विसरलो होतो. आमच्या वेळेला टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघून आम्ही पेरायचो, उंच बांधावर घातली तर पाऊस जोरात, नदीच्या पुळणीत घातली तर ओढ देणार, जेवढी अंडी तेवढे महिने पाऊस. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या बांधावर तीन अंडी होती, त्या अवकाळीत ती पाण्याखाली गेली. ती बिचारी दोन दिवस त्या डबक्यावर ओरडत फिरत होती. मला तवाच वाटलं होतं हे काही बरोबर चिन्ह नाही, पण बोललो नाही कुणाला.

एक सांगतो, पुराचं. पाणी वाढायला लागलं की आधी दावी सोडा. आमच्या पाहुण्यांची पाच जनावरं दावणीलाच गेली. गाय पोहते रे, बांधलेली पोहत नाही. आणि जनावर वाहून गेलं तर पंचनाम्याला मढं दाखव म्हणतात, साडेसदतीस हजार गायीचे, पण मढं दहा कोसावर बाभळीत अडकलेलं. म्हणून जनावराच्या कानातला बिल्ला आणि फोटो मोबाईलमधी ठेवा, हे नातू सांगतोय.

रानवाट येडशी

काका, दाव्याची गोष्ट लाख मोलाची. मी ग्रुपवर टाकतोय.

मांजरापट्टा

गेल्या ऑगस्टात नांदेडच्या मुखेडला हसनाळ, रावणगाव भागात रात्रीत पाणी घुसलं तेव्हा पण म्हशी अशाच गोठ्यात गेल्या. माझा मित्र त्या बाजूचा. म्हणाला अंधारात बाप गोठ्याकडं धावत होता आणि आम्ही त्याला ओढत होतो. दावी सोडायला पण वेळ मिळायला पाहिजे ना, इशारा वेळेवर पाहिजे. भोंगा, मंदिराचा, मशिदीचा स्पीकर, जे असेल ते. धरणातून पाणी सोडणार असा मेसेज रात्री अकराला व्हॉट्सॲपवर आला तर म्हातारं माणूस कधी बघणार?

बालाघाटची लेक

सर, त्या पोरीचा काही पत्ता?

सीनाकाठचा मास्तर

हो ताई, परवाच सांगणार होतो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी परवा रात्री आली. काल ती शाळेत येऊन गेली, सुट्टी असून. हात बघितले, पाचटानं चिरलेले. सहावीचं पुस्तक बरोबर होतं, तेच, फुगलेलं, कारखान्यावर वाचलं म्हणाली थोडं थोडं, शाई पसरलेली पानं सोडून. सातवीत नाव आहेच तिचं. जूनच्या आधी मी तिची बाकीची पानं करून घेणार आहे, तिच्या आईशी बोललो, यंदा मागं ठेवीन म्हणाली, वसतिगृह वेळेत चालू झालं तर. ते "तर" माझ्यावर आहे.

येत्या ग्रामसभेला मी तीन गोष्टी मांडणार आहे. वसतिगृहाचा प्रस्ताव ऑगस्टात, आरोग्य केंद्रात लशीच्या बाटल्या, आणि नदी वाढली की स्पीकरवरून सांगायचं काम कुणाचं, त्याचं नाव लिहून. डिजिलॉकरचं काम आमची दहावी झालेली पोरं करतील, आत्ताच बसली आहेत व्हरांड्यात. त्यांनी गावाच्या नकाशावर गेल्या वर्षी पाणी कुठवर आलं ते खडूनं काढलंय, माझ्यापेक्षा बरोबर.

काका, तुमच्यासाठी एक. शाळेच्या स्लॅबवर पाण्याची टाकी बघायला पोरगं चढलं होतं, तर तिथं खडीत टिटवीची अंडी. जमिनीवर नाही, स्लॅबवर.

बांधावरचा काका

किती?

सीनाकाठचा मास्तर

चार. पोरांनी जिन्याला दोरी बांधून वर जायला बंदी केलीय. पिल्लं निघाली की वरून उड्या मारतात असं रानवाटवाल्यांनी फोनवर सांगितलं, म्हणून भिंतीच्या कडेनं चारी बाजूंनी कडबा अंथरून ठेवलाय, कडबा त्या पोरीच्या घरचा.

बांधावरचा काका

उन्हाचं वर एका ताटलीत पाणी ठेवा. लांब ठेवा अंड्यापासून, नाहीतर ती घाबरून यायची नाही.

सीनाकाठचा मास्तर

ठेवलंय काका. सकाळीच.